कापसाचं जाकीट आणि मुकुटबनकडचं सांबर

कळंब

शिकारीची गोष्ट सांगायला बसलं की ऐकणारा आधी विचारतो, बंदूक कोणती होती? आमच्या शिकारीत बंदुकीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. आधी बनियन, मग फ्लॅनेलचा सदरा, मग स्वेटर, मग कापसाचं जाकीट, मग लढाईच्या वेळचा मिलिटरी कोट, मग मफलर, मग माकडटोपी, आणि एवढं सगळं चढवून माणसात जागा उरलीच तर बंदूक. मुकुटबनकडच्या जंगलात तुम्ही गेला नसाल, आणि पौषातल्या पहाटे मचाणावर तर बसला नसालच. म्हणून ही हकीकत कपड्यांपासूनच सांगतो.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच वर्षीचा हिवाळा होता. मी तेव्हा यवतमाळला एका कापडाच्या दुकानात होतो. बोटाला कापड लागलं की ते धुतल्यावर किती आटेल, किती हिवाळे टिकेल, हे मी डोळे मिटून सांगायचो. निदान मला तसं वाटायचं. त्यामुळे दादाचं शिकारीला जायचं ठरलं तेव्हा कपड्यांचं खातं माझ्याकडे आहे असं मी धरून चाललो. वहिनीनं तसं धरलेलं नव्हतं, हे नंतर कळलं.

दादा माझ्याहून बराच मोठा. कळंबला आमची कपाशी, तूर, सगळं तोच पाहायचा. माणूस सोन्यासारखा, पण शिकारीचं नाव काढलं की कामातून गेला. त्याच वर्षी श्रावणात वहिनीला "कोर्टाचं काम आहे" असं सांगून हा पठ्ठ्या भर पावसात रानडुकरामागं गेला होता. डुक्कर मिळालं नाही, न्यूमोनिया मिळाला. सगळा भाद्रपद वहिनीनं यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून काढला. श्वास चालू आहे की नाही हे पाहायला ती त्याच्या नाकाशी हात धरायची, आणि मी दाराशी उभा राहून ते पाहायचो. वाचला बापडा. पण यंदाच्या थंडीत छातीला वारा लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं.

आणि नेमका पौषात थावरा नायकाचा निरोप आला. हा मुकुटबनकडच्या एका बंजारा तांड्याचा नायक, दादाचा बैलबाजारातला जुना दोस्त. निरोप असा की मोठ्या शिंगांचं सांबर रोज तुरीत उतरून राह्यलं, लवकर या. जंगलखात्याचा परवानाही मिळून गेला. दादाचं जेवणावरचं मन उडालं. पण या वेळी त्यानं एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा केली. बायकोला विचारलं.

"जा," वहिनी म्हणाली.

दादा उडालाच. "जा म्हणतेस? खरंच?"

"जा. न सांगता जाता, त्यापेक्षा सांगून गेलेले बरे. पण कपडे मी सांगीन ते."

झालं, दुसऱ्या दिवशी मी दुकानातून फ्लॅनेल घेऊन कळंबला हजर. वहिनीला ऐटीत सांगितलं, "वहिनी, थंडी जाड कापडानं नाही अडत. दोन कापडांच्या मधात हवा राहते ना, ती अडवते. पातळ पातळ थर द्या त्याले, एकावर एक."

"हवा आपल्या घरात लय आहे भाऊजी," वहिनी म्हणाली. "श्रावणात नाही आली ती कामाले."

मग तिनं आमच्याच वावरातला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून आणला आणि त्याचं जाकीट शिवलं. पूर्ण बाह्यांचं, बंद गळ्याचं, आत बोटभर कापूस. गादीला भरतात त्याहून थोडा जास्तच. दादानं ते अंगात घातलं आणि त्याचे दोन्ही हात दोन बाजूंना उभे राहिले.

"अवं, यात हात खाली नाही येऊन राह्यले माह्ये!"

"मंग वर ठेवा."

निघायच्या दिवशी सकाळी खरी गंमत झाली. बनियन, सदरा, स्वेटर आणि वरून जाकीट असा दादा तयार झाला. स्वेटर ट्रंकेतून नुकताच निघालेला, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर. वहिनी सुईत काळा दोरा ओवून आली आणि तिनं जाकिटाचं पुढचं तोंड गळ्यापासून कमरेपर्यंत शिवून टाकलं. जाकीट दादाच्या अंगात असताना! गुंड्या ठेवल्याच नव्हत्या तिनं. मी आधी हसलो, दादाही हसला.

वहिनी हसली नाही. दोरा दातानं तोडून म्हणाली, "हे टाके मी घातले, मीच उसवीन. मधात तुटले तं मी रागावणार नाही, माहेरी जाणार नाही, काही करणार नाही. फक्त तुमच्या शब्दावर पुन्हा भरोसा ठेवणार नाही. एकदा ठेवला होता."

दादाचं हसू उतरलं. त्यानं टाक्यांवर हात ठेवला. "नाही तुटणार."

"भाऊजी, तुम्ही लक्ष ठेवजा," असं म्हणून तिनं माझ्या हातात पंच्यांची चवड दिली. घाम आला की पाठीला कोरडा पंचा सारायचा, ओला ओढून काढायचा. घामावर वारा लागला की तोच छातीत शिरतो, असं तिचं म्हणणं. अशा रीतीनं मी त्या टाक्यांचा पहारेकरी झालो.

मोटरीआधी चिंतामणीचं दर्शन. आमचा चिंतामणी जमिनीखाली, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. दादा एकेक पायरी आडवा होऊन उतरला. हात जोडायला गेला तर तळवे एकमेकांना लागेनात. शेवटी गणपतीला दोन्ही हात पसरून मिठी मारायला निघाल्यासारखा उभा राहिला. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "भाऊ, अंगाले गादी काहून बांधली?" दादा म्हणाला, "बायकोनं बांधली." आजोबांनी समजून मान हलवली.

वणी

आमच्या भागातली थंडी मोठी लबाड. पहाटे दात वाजवते आणि दुपारी बारा वाजता अंगाची लाही करते. कळंबहून यवतमाळ, यवतमाळहून वणी अशा दोन मोटरी, आणि दुसरी मोटर नेमकी भर दुपारची. खिडकीबाहेर कापूस वेचणाऱ्या बाया पदरानं घाम पुसत होत्या आणि आत माझा भाऊ भरल्या पोत्यासारखा बसला होता. मिलिटरी कोट मी मांडीवर घेतला होता, पण जाकिटाचं काय करणार?

"उकडून राह्यलं बे," दादा दर मैलाला म्हणायचा.

मी मागून कॉलरीत हात घालून ओला पंचा ओढायचो, कोरडा सारायचो. ओढताना तो लांबच लांब निघायचा, आणि मोटरीतले लोक जादूचे प्रयोग पाहावेत तसे माना वळवून बघायचे. कंडक्टरनं आधी बाकावर नजर टाकली, मग दादाकडे पाहिलं आणि विचारलं, "तिकिटं दोन देऊ का तीन?" शेजारचा एक व्यापारी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "कोणाची ट्रंक उघडी आहे इथं?" डांबराच्या गोळ्या! दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मीही दुसऱ्या खिडकीबाहेर बघितलं.

वणीला उतरलो तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही एका हॉटेलात गरम आलूबोंडे आणि चहा घेतला. दादाचा हात बशीपासून तोंडापर्यंत येईना, कोपरात वाकायचाच नाही. शेवटी त्यानं मान पुढं नेऊन आलूबोंडा गाठला. मुक्काम धर्मशाळेत. दादा उताणा झोपला तो सकाळी उताणाच उठला. कुशीवर वळायची सोयच नव्हती.

सकाळी मात्र पारडं फिरलं. धुकं असं की समोरचा बैल दिसेना. दादा मजेत शीळ घालत होता आणि मी कुडकुडत होतो. त्याचं असं झालं होतं की घरातली झाडून सगळी लोकर दादाच्या अंगावर गेली होती. माझ्या वाट्याला एक सुती सदरा आणि वरून माझाच निळा सर्जचा कोट. भारी कापड, दुकानातलं उत्तम. दिसायला देखणा होता, यात वाद नाही.

"कसं काय राजे?" दादानं विचारलं. "मधातली हवा काय म्हणते?"

दात वाजत असताना माणसानं बोलू नये.

मुकुटबन आणि तांडा

मुकुटबनला मोटरीच्या थांब्यावर थावरा नायक बैलांची दमणी जुंपून उभा होता. डोक्याला तांबडं पागोटं, मिशा पांढऱ्या, आवाज असा की बैल दचकावेत. "राम रामी!" म्हणत त्यानं दादाला मिठी मारली, आणि जाकिटाच्या जाडीमुळं मिठी अर्ध्यावरच थांबली. त्यानं दोन पावलं मागं होऊन दादाला वरून खाली पाहिलं.

"काय झालं हो भाऊले? कोणी मारलं काय?"

मी सगळं सांगितलं. न्यूमोनिया, टाके, शब्द. नायक इतका हसला की त्याला दमणीचं चाक धरावं लागलं. मग एकदम गंभीर झाला. "बाईमाणूस शहाणी हाय," म्हणाला. "मह्या घरी अशी असती तं मलेही शिवून ठेवलं असतं."

वाट सुरेख होती. दोन्हीकडं तुरीची शेतं, शेंगांनी वाकलेली, पलीकडं सागाचं जंगल आणि टेकड्या. दमणी गचके देत होती, दादाला काही लागत नव्हतं, माझी हाडं खिळखिळी झाली. तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मी सामान उतरवत होतो, तेवढ्यात मागं "अरे अरे" असं ऐकू आलं. उतरताना दादाचा तोल गेला होता आणि तो दमणीच्या दांड्याला धरून लोंबकळत होता. नायकानं त्याला सरळ उभा केला. "लागलं काय?" मी विचारलं. "नाही," दादा म्हणाला आणि छातीवर हात धरून नायकाच्या घराकडे गेला. "जरा चुलीपाशी बसतो. गारवा वाटून राह्यला."

गारवा! मी सामान टाकून त्याच्यामागं निघालो. पण नायक मला बैल दाखवायला घेऊन गेला आणि त्याच्या तावडीतून सुटणं सोपं नव्हतं. परत आलो तर दादा चुलीपाशी पाठमोरा बसलेला, समोर नायकाची बायको सोनीबाई भरतकाम घेऊन बसलेली, हातात सुई आणि लाल दोरा. दोघंही हसत होते. दादाच्या गळ्यात मफलर आला होता, छातीवरून नीट खाली सोडलेला. मला बरं वाटलं. माणूस स्वतःहून काळजी घ्यायला लागला!

सोनीबाईकडे पाहून मात्र माझी कापडविद्या गडगडली. त्या थंडीत तिच्या अंगात पाठ उघडी असलेली कांचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि काटा म्हणून नाही अंगावर. आमच्याकडे पाहुणे आले की बाया आत जातात. इथं नायकीण मधोमध बसून माझी उलटतपासणी घेत होती. वय काय, पगार काय, लग्न काहून नाही झालं. मी म्हटलं, अजून जमलं नाही. ती माझ्या सर्जच्या कोटाला बोटानं चिमटीत धरून म्हणाली, "एवढ्या पातळ कोटात कोण पोरगी देईन तुले?"

इतक्यात नायकानं हवा हुंगली. मग दादाला हुंगलं. "भाऊ, हा वास कायचा?"

"डांबराच्या गोळ्यांचा. स्वेटराले आहे."

"मंग झालंच! सांबराचं नाक म्हणजे काय वाटलं तुमाले? कोसावरून पळन. काढा ते स्वेटर."

"काढता नाही येत," मी पहारेकऱ्याच्या थाटात म्हणालो. "ते टाक्यांच्या आत आहे."

नायक डोकं खाजवत बसला. वास घालवायचा तर त्याच्याकडं एकच उपाय होता. शिकारीचे कपडे तो गोठ्यात बैलांच्या अंगावर टाकून ठेवायचा, म्हणजे माणसाचा वास जाऊन गुरांचा लागतो. आता कपडा निघत नाही म्हटल्यावर माणसालाच गोठ्यात नेणं आलं. तर त्या संध्याकाळी कळंबचा एक मातब्बर शेतकरी दोन बैलांच्या मधात, गव्हाणीला टेकून बसला. एक बैल त्याची माकडटोपी चाटत होता. अर्धा तांडा बघायला जमला. मी कंदील घेऊन गेलो आणि पहाऱ्याचं काम म्हणून मफलराखाली हात घालून टाके चाचपले. गळ्यापासून कमरेपर्यंत सगळे जागच्या जागी होते. "हात काढ, गार आहे तुहा," दादा म्हणाला.

जेवण गोठ्याच्या दारात. ज्वारीची बाटी, म्हणजे आपली भाकरीच, पण आमच्या घरच्यापेक्षा जाड आणि चुलीच्या राखेत खरपूस झालेली. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, लसणाचा ठेचा, आणि वर तूप. तिकडे सोनीबाई पाट्यावर उद्याच्या सांबरासाठी मसाला वाटत होती. त्या मसाल्याच्या वासानं दादाचे डोळे लकाकले.

"उद्या येईनच," तो म्हणाला. "मले आतून वाटून राह्यलं."

मचाण

पहाटे अंधारातच निघालो. निघताना मला थंडीनं इतकी हुडहुडी भरली की सोनीबाईला दया आली. तिनं पेटीतून एक गोधडी काढून माझ्या खांद्यावर टाकली. लेकीच्या लग्नासाठी भरत आणलेली, जड, उबदार. एका बाजूला सगळीकडे भिंगाचे आरसे आणि कवड्या. "आरसे आतून ठेवजो," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

मचाण नाल्याच्या काठावर एका मोहाच्या झाडावर. नायक पलीकडच्या झाडावर बसला. दादाला वर चढवणं हे एक प्रकरणच होतं. मी खालून रेटत होतो, तो वरून "हळू, टाके" म्हणत होता. बसल्यावर शेवटचा पंचा बदलला. कोट चढवला, टोपी ओढली, बंदूक मांडीवर घेतली. मग शांतता.

आता आरसे आतून ठेवा म्हणणं सोपं आहे. ते गार आरसे मानेला लागले की जीव नकोसा व्हायचा. सुती सदऱ्यातून एकेक आरसा मोजता येत होता. म्हटलं, अंधारात कोण पाहतंय! गोधडी उलटी केली, कापडाची बाजू अंगाला, आरसे बाहेर. काय ऊब आली म्हणून सांगू! दोन थर आणि मधात हवा. माझंच शास्त्र खरं ठरलं, असं मनाशी म्हणत मी स्वस्थ बसलो.

फटफटलं. आधी झाडांचे बुंधे दिसले, मग नाल्यातली वाळू. एक मोर ओरडला. आणि तुरीच्या बाजूनं, पाचोळ्याचा आवाजसुद्धा न करता, ते आलं. आधी शिंगं दिसली. मला वाटलं वाळलेली फांदी आहे. फांदी हलली, तिच्याखाली डोकं आलं, मानेवरची आयाळ, मग सगळं धूड. मी जन्मात एवढं देखणं जनावर पाहिलं नव्हतं. ते नाल्याच्या काठाशी, आमच्या अगदी समोर आडवं उभं राहिलं. वास त्याला लागला नव्हता. बैलांनी आपलं काम चोख केलं होतं.

दादानं बंदूक उचलली. दस्ता खांद्याला लावला आणि तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. जाकिटातला कापूस त्याला जागाच धरू देईना. कोट त्यानं खांद्यावरून मागं टाकला, तरी तेच. जाकीट उघडून उजवा खांदा मोकळा केल्याशिवाय नेम धरणं शक्य नव्हतं. मला ते कळलं, त्याला माझ्या आधी कळलं होतं.

मी खिशातला चाकू काढला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "दादा, उसवू काय? मी सांगीन वहिनीले, मी उसवले म्हणून."

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. सांबराकडेच बघत होता. एक हात त्यानं छातीवरच्या मफलरावर ठेवला होता. ओठ घट्ट मिटलेले. ज्यासाठी हा माणूस जेवण सोडून बसला होता, ते त्याच्यासमोर उभं होतं. मग त्यानं हळूच मान हलवली. नाही. बंदूक मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर टाकून नुसता बघत बसला. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण दिसेल म्हणून मी पाहिलं. होती. खोटं कशाला सांगू? भरपूर होती.

त्याच वेळी टेकडीवरून ऊन आलं. पहिला किरण थेट माझ्या अंगावर. आणि एकदम सगळ्या जंगलात उजेडाचे ठिपके नाचायला लागले. झाडांवर, वाळूवर, नायकाच्या पागोट्यावर, सांबराच्या तोंडावर! मी घाबरून हललो, तसे ठिपके आणखीच धावले. सांबरानं मान उंचावली, पाय आपटला, "ढाँक्!" असा आवाज काढला आणि दोन उड्यांत जंगलात दिसेनासं झालं.

पलीकडच्या झाडावरून नायकाचा आवाज आला. "अबे! आरसा कोणं दाखवला जनावराले? त्याची दाढी करायची होती काय?"

परत

तांड्यावर बातमी आमच्या आधी पोचली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सोनीबाईनं गोधडी झटकून पाहिली, एकही आरसा फुटला नाही म्हणून खूश झाली. "मह्या भरतकामानं सांबर पळवलं, आता लेकीच्या सासरी नाव होईन," म्हणाली. वाटलेला मसाला वांग्यात गेला. वांगी अशी झाली होती की मी तीन बाट्या खाल्ल्या.

सगळे मला हसत होते आणि दादा त्यांच्यात सामील! बंदूक घसरल्याचं, चाकूचं, मान हलवल्याचं, एक शब्द नाही. परतीच्या मोटरीत शेजारच्या माणसालाही यानं आरशाची गोष्ट रंगवून सांगितली. मी मनातून चरफडत होतो आणि शिंकत होतो. भर उन्हातही त्यानं छातीवरचा मफलर काढला नाही. "बाप्पा, सुधरला की तू," मी म्हणालो.

पुन्हा कळंब

वहिनी ओसरीतच उभी होती. तिनं दादाच्या कपाळाला हात लावला, मग सगळ्यांदेखत त्याच्या पाठीला कान लावून श्वास ऐकला.

"खोकला?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

तेवढ्यात मी शिंकलो. एकदा, दोनदा, मग मोजायचं सोडून दिलं. वहिनी माझ्याकडे वळली. "अन् तुमची मधातली हवा कुठं गेलती भाऊजी?"

"सांबर नाही मिळालं," दादा घाईनं म्हणाला. "तुह्या दिरानं त्याले आरसा दाखवला."

झालं. माझं डोकं सणकलं. दोन दिवस ऐकून घेतलं होतं. "आरसा-बिरसा काही नाही वहिनी! ऊन यायच्या आधीच जनावर समोर उभं होतं. या जाकिटापायी बंदूक खांद्याले लागून नाही राह्यली. मी चाकू काढला, म्हटलं उसवतो. यानंच नाही म्हटलं. तुमच्या टाक्यापायी गेलं सांबर!"

वहिनी आत गेली आणि कातरी घेऊन आली. दादाच्या गळ्यातला मफलर काढला. वरपासून एकेक काळा टाका कापत, ओढून काढत खाली आली आणि छातीपाशी थांबली.

"हा लाल कुठला?"

मीही वाकून पाहिलं. काळ्या टाक्यांच्या मधात एक लालभडक टाका, बंजारी हातचा, घट्ट. मी कंदिलाच्या उजेडात टाके चाचपले होते, पाहिले नव्हते. फार मोठा पहारेकरी!

दादा आढ्याकडे बघत म्हणाला, "दमणीतून उतरतानी दांड्याले अडकला. कटकन तुटला. नायकणीकडून घालून घेतला."

"कटकन?"

"हो. तेव्हाच समजलं मले. टाचायचा कच्चा दोरा घातला होतास तू."

वहिनी कातरीकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "कच्चाच घातला होता. बंदूक घेऊन जाणाऱ्या माणसाचे हात बांधून कशी पाठवू मी? म्हटलं, जनावर समोर आलं अन् खांदा अडला, तं एक झटका द्यान अन् मोकळे होसान."

"मले समजलं होतं ते."

"समजलं होतं, मंग..."

"मंग काय? नाही दिला झटका."

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भाद्रपदात दवाखान्यात ती एकदाही रडली नव्हती. मी तिथं होतो, मला माहीत आहे. मला काय करावं सुचेना, म्हणून मी पुन्हा शिंकलो.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि लाल टाक्याच्या खालचे काळे टाके कमरेपर्यंत कापून टाकले. लाल तेवढा ठेवला. कातरी बाजूला ठेवून दिली.

"अवं, हा राह्यला ना!" दादा म्हणाला.

"राहू द्या."

"राहू द्या काय? मी निघू कसा बाहेर?"

"डोक्यावरून."

मग काय, दादानं हात वर केले. जाकीट डोक्यापर्यंत आलं आणि तिथं अडकलं. मी एक बाही धरली, वहिनीनं दुसरी, आणि आम्ही ओढायला लागलो. आतून आवाज येत होता, "अवं, जंगलातून जिता आलो, अन् घरात मारता काय मले?" वहिनी रडता रडता हसायला लागली, मग मीही, आणि हसण्यात हाताला जोरच राहिना. शेवटी तो निघाला, केस विस्कटलेले, अंगभर कापूस.

लाल टाका तिनं कधीच उसवला नाही. पुढचे कितीतरी हिवाळे दादानं ते जाकीट डोक्यावरूनच घातलं.